बेल्ट एक, सल्ले चार

ताई, नमस्कार.

माझं सिझर होऊन आज पंधरा दिवस झाले. पहिलीच वेळ. मुलगी झाली, दोघी ठीक आहोत. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यामुळे माहेरी अक्कलकोटला जाता आलं नाही, म्हणून बाळंतपण सासरीच, सोलापुरातल्या जुळे सोलापूर भागात चाललंय. दवाखान्यातून निघताना डॉक्टर म्हणाले, "बेल्ट लावा." कुठला, किती वेळ, हे विचारायचं माझ्या लक्षातच आलं नाही. आता घरात प्रत्येकाचं वेगळं. सासूबाई रोज अंघोळ आणि शेक झाला की जुन्या नऊवारीचा पट्टा पोटाला आवळून बांधतात. इतका, की अर्धी भाकरी खाल्ली तरी घशाशी येतं. सोडला तर म्हणतात, पोटात वारा भरेल आणि पोट कायमचं सुटेल. ह्यांनी मोबाईलवरून हूकवाला शेपवेअर मागवला, माझ्या आधीच्या मापाचा. त्याचे हूक लागतच नाहीत आणि मला रडू येतं. जाऊबाई म्हणतात, मी काहीच बांधलं नव्हतं, माझं काय बिघडलं? त्यात हा उन्हाळा. टाक्यांच्या वर लाल पुरळ आलंय, खाज सुटते. शिंक आली की लघवीचा थेंब येतो, हे तर कुणाला सांगायचीही लाज वाटते. रात्रीही बांधून झोपायचं का? आणि दवाखान्यात पायात घातलेले ते पांढरे घट्ट मोजे घरी आणलेत, त्यांचं काय करू?

पंधरा दिवसांची बाळंतीण

पोरी,

बेल्टाचं नंतर बोलू. आधी ते पुरळ. तुझ्या पत्रात घाईची गोष्ट ती आहे.

आजच पट्टा सोड, पंख्याखाली आडवी हो आणि हातात आरसा घेऊन टाके स्वतः बघ. उभ्याने दिसणार नाहीत, पोटाची घडी त्यांच्यावर येते. घरातल्या कुणाला बघायला सांगितलंस तरी चालेल, पण एकदा तू बघच, म्हणजे उद्या काही बदललं तर तुला कळेल. पट्टा बसतो तेवढ्याच भागात बारीक पुटकुळ्या असतील आणि टाक्यांची रेघ कोरडी, मिटलेली असेल, तर ते बहुतेक घामोळं. हवा लागली की दोन-तीन दिवसांत उतरायला लागतं. पण रेघेच्या कडेची कातडी तापलेली किंवा सुजलेली आहे, लाली रोज पसरते आहे, पाणी किंवा पू येतो, वास येतो, रेघ कुठे उकलल्यासारखी दिसते, किंवा अंगात १००.४ किंवा त्याहून जास्त ताप आहे, यातलं एक जरी असेल तरी हे पत्र इथेच ठेव आणि आजच्या आज ज्यांनी सिझर केलं त्यांच्याकडे जा. "परवा तपासणी आहेच की" म्हणून थांबू नकोस.

जखमेवर हळद नको, तेल नको, पावडर तर अजिबात नको. अंघोळीच्या वेळी साधं पाणी वरून वाहू दे, मग मऊ धुवट कापडाने टिपून घे, घासू नकोस. दिवसातून तीन-चार वेळा दहा-पंधरा मिनिटं पोटाची घडी हाताने वर धरून पंख्याचा वारा लागू दे. बाळ झोपलं की हेच काम.

आणखी एक, जे डॉक्टरांनी सांगितलं असेलच असं नाही. टाक्यांच्या आसपासची, विशेषतः वरची कातडी काही महिने बधिर राहू शकते. कापताना तिथल्या बारीक नसा तुटलेल्या असतात. म्हणजे पट्ट्याची कडा रुतली, शिवण घासली, गरम पाण्याची पिशवी जरा जास्तच गरम असली, तरी तुला वेळेवर कळणार नाही. कंबर भाजली तर ओरडशील. इथे फोड आल्यावर कळेल. म्हणून पोटावर शेक बंद. सासूबाईंना पाठ आणि पाय शेकायचे असतील तर शेकू देत, तेही कोमट. खाटेखाली शेगडी ठेवत असाल तर तीही उचला. एप्रिलमध्ये आपल्याकडे पारा ४२ च्या पुढे जातो. त्यात बंद खोली, कोळशाचा धूर आणि पंधरा दिवसांचं बाळ. असला रिवाज उन्हाळ्यात चालवण्यात काही अर्थ नाही. बाळंतिणीला पाणी कमी द्यायचं, हेही तसंच. दूध पाजणाऱ्या बाईने तहान लागेल तितकं प्यायचं, आणि या दिवसांत तहान लागायची वाट न बघता.

आता बेल्ट.

सिझरमध्ये काय काय कापलं जातं हे एकदा डोळ्यांसमोर आण, म्हणजे बाकीची उत्तरं तुझी तुलाच सापडतील. वरची कातडी, खालची चरबी, मग पोटाच्या स्नायूंवरचं एक चिवट पांढरं आवरण. पोटाचे उभे स्नायू बहुतेक वेळा कापत नाहीत, मधोमध बाजूला सारतात. त्याखालचा पातळ पडदा, आणि शेवटी गर्भाशयाची पिशवी. वरून एक रेघ दिसते, पण आत शिवण थरांवर थर आहे. तू खोकतेस, खाटेवरून उठतेस, बाळाला उचलायला वाकतेस, तेव्हा पोटातला दाब वाढतो आणि ते सगळे थर एकदम ताणले जातात. तेव्हा आपण काय करतो? न शिकवता हात पोटावर जातो. बेल्ट म्हणजे तेवढंच: दोन्ही हात मोकळे ठेवून पोटावर धरलेला तळहात. पहिल्या दिवसांत त्याने दुखणं जरा कमी होतं, बाई लवकर उठून चालायला लागते, आणि सिझरनंतर लवकर चालणं ही फार मोठी गोष्ट आहे. आतडी हलतात, गॅस सुटतो, पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका कमी होतो.

बेल्ट लावलेल्या आणि न लावलेल्या बायकांची तुलना करून पाहिलेली आहे. काही ठिकाणी पहिल्या दिवसांत बरा फरक दिसला, काही ठिकाणी फारसा नाही. पण बेल्टाने चरबी वितळते, पोट कायमचं आत जातं, असा भरवशाचा पुरावा नाही. म्हणून तुझ्या जाऊबाई खोटं बोलत नाहीत. ज्या बाईला न बांधता नीट उठता-बसता येतं, तिने नाही बांधलं तरी काही बिघडत नाही. तुझे डॉक्टर "लावा" म्हणाले तेही बरोबर. बेल्ट ही काठी आहे. लागेल त्याने घ्यावी, लागायची थांबली की कोपऱ्यात ठेवावी.

मग पट्टा बांधलेल्या बायकांचं पोट उतरतं कसं? बाळ बाहेर आलं की पिशवी साधारण एक किलोची असते आणि बेंबीपर्यंत लागते. रोज बोटभर उतरत दहा-बारा दिवसांत ती ओटीच्या हाडामागे जाते, दीड महिन्यात सत्तर ग्रॅमच्या आसपास येते. दूध पाजताना ओटीपोटात कळ येते ना, ते तेच काम चालू असतं. गरोदरपणी अंगात साठलेलं पाणी पहिल्या एक-दोन आठवड्यांत लघवीवाटे आणि घामावाटे जातं. हे सगळं पट्टा बांधला तरी होतं, नाही बांधला तरी होतं. पण बांधणाऱ्या घरात श्रेय पट्ट्याला जातं. रोज सकाळी आवळायचं, रोज पोट जरा कमी दिसायचं. सासूबाईंच्या जागी मी असते तर मलाही तसंच वाटलं असतं.

वाऱ्याचंही तसंच. ऑपरेशननंतर आतडी काही काळ मंदावतात, पोट फुगतं, हे खरं आहे. जुन्या बायकांनी ते नेमकं पाहिलं होतं, फक्त वारा बाहेरून शिरतो असं मानलं. तो शिरत नाही, आतच तयार होतो, आणि आवळून नाही तर घरातल्या घरात चालण्याने बाहेर पडतो. संडासला जोर करावा लागू नये हेही बघ. जोर केला की त्याच शिवणींवर ताण येतो. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, भरपूर पाणी, वरून चमचाभर तूप. तरीही साफ होत नसेल तर डॉक्टरांकडून सौम्य औषध घे, अंगावर पाजताना चालणारी औषधं असतात. (शेंगाचटणीही कुणी बंद केली असेल तर ती चालू कर. सोलापुरात राहून दीड महिना शेंगाचटणीशिवाय काढायची शिक्षा कशासाठी?)

आता त्या नऊवारीविषयी. मी वीसेक वर्षं फिजिओथेरपी केली, आणि सुरुवातीला मीही अशा पट्ट्यांना नाकं मुरडायची. नंतर मत बदललं. जुनं धुवट सुती लुगडं हवा खेळू देतं, घाम शोषतं, टोचत नाही, रोज धुता येतं. या उन्हात नायलॉनपेक्षा ते शंभर पटींनी बरं. खोट कापडात नाही, आवळण्यात आहे, आणि कुठे आवळलं त्यात आहे.

तुझ्या पत्रावरून मला दिसतंय, की पट्टा कंबरेच्या वर, बरगड्यांच्या खाली जास्त घट्ट बसतोय. घशाशी येतं ते त्यामुळे. कुठलीही भरलेली थैली मधेच आवळली तर आतलं वरही सरकतं आणि खालीही. वर सरकलं की जळजळ, दम लागणं. खाली सरकलं की ओटीपोटाच्या तळाशी जो स्नायूंचा झोळीसारखा पट्टा असतो, ज्याच्यावर लघवीची पिशवी आणि गर्भाशय टेकलेलं असतं, त्याच्यावर भार. नऊ महिने बाळाचं वजन पेलून ती झोळी आधीच सैलावलेली आहे. सिझर झालं म्हणून ती वाचत नाही, हे पुष्कळ बायकांना माहीत नसतं. शिंकताना थेंब येतो तो यामुळे. पट्टा नसता तरी कदाचित आला असता, पण आवळलेला पट्टा त्यात भर घालतो. यात लाजण्यासारखं काही नाही. जिला विचारशील तिने कधी ना कधी अनुभवलेलं असेल, फक्त बोललेलं नसेल.

यावर आजपासून करायचं ते एवढंच: आडवं पडून, गुडघे वाकवून, लघवी मधेच थांबवताना जसं आत ओढतो तसं आत-वर ओढायचं, पाच मोजायचे, सोडायचं, पुन्हा पाच मोजायचे. दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास रोखायचा नाही. आणि हा व्यायाम प्रत्यक्ष लघवी करताना करायचा नाही. शिंक किंवा खोकला येतोय असं वाटलं की आधी हे आत ओढून घ्यायचं, टाक्यांवर उशी किंवा तळहात दाबायचा, मग खुशाल शिंकायचं. दीड महिन्याच्या तपासणीपर्यंतही थेंब थांबला नाही तर डॉक्टरांना स्पष्ट सांग. "होतं असं" म्हणून उडवून लावलं तर फिजिओथेरपिस्ट गाठ. यावर उपचार आहेत.

हूकवाला शेपवेअर परत पाठव. माप चुकलं म्हणून मोठा मागवू नकोस, तो प्रकारच तुझ्यासाठी आत्ता नाही. तो अंगात चढवायचा म्हणजे वाकून, ओढून, पोट आत घेऊन. म्हणजे जे करायला मनाई आहे तेच सगळं. त्याच्या खालच्या कडेची शिवण नेमकी टाक्यांवर येते. कापड घाम धरून ठेवतं. आणि तो पोट "दिसू नये" म्हणून केलेला असतो, टाके दुखू नयेत म्हणून नाही. नवऱ्यावर चिडू नकोस. त्याने काहीतरी करावं म्हणून केलं. पण त्याने तुझं आधीचं माप टाकलं, आणि ते हूक लागले नाहीत म्हणून तू रडलीस, हे वाचून मला वाईट वाटलं. पंधराव्या दिवशी पुष्कळ जणींचं पोट अजून गरोदर बाईसारखंच दिसतं. ते तसंच असायचं असतं.

विकतचाच बेल्ट हवा असेल तर सिव्हिलच्या आसपासच्या सर्जिकलच्या दुकानात मिळेल. ऑनलाइनपेक्षा तिथे घेतलेला बरा, हाताने बघता येतो. नवऱ्याला पाठवणार असशील तर नीट शिकवून पाठव. "पोटाचा बेल्ट द्या" म्हटलं तर कधीकधी पाठदुखीचा लंबर बेल्ट हातात पडतो, ज्याच्या मागे धातूच्या किंवा प्लास्टिकच्या पट्ट्या असतात. तो नको. गरोदरपणात पोट खालून उचलून धरणारा बेल्ट वेगळा, तोही नको. "ऑपरेशननंतर लावायचा ॲब्डॉमिनल बेल्ट" असं म्हणायचं. तीन किंवा चार पट्ट्या जोडलेला असतो, पुढे वेल्क्रो. आतून सुती किंवा जाळीदार, हवा जाईल असा बघायचा.

माप आजचं. शिंप्याच्या टेपने उभ्याने दोन ठिकाणी घे, बेंबीवर आणि नितंबांच्या सगळ्यात रुंद भागावर, आणि दोन्ही आकडे कागदावर लिहून दे. खोक्यावर कुठलं माप धरायचं ते छापलेलं असतं. दोन मापांच्या मधे अडकलीस तर मोठं घे, वेल्क्रोने आत घेता येतं. आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत पोट उतरणार आहे, तेव्हा आत घ्यायला जागा लागेलच. रुंदी मात्र उंचीवर ठरते. बाजारात नऊ-दहा इंची बेल्ट सर्रास मिळतात. पाच फुटांच्या बाईला दहा इंची बेल्ट उभ्याने छान वाटतो आणि बसली की वर बरगड्यांत, खाली जांघेत रुततो. तुझी उंची तू लिहिलेली नाहीस. म्हणून बेल्ट आणला की आधी खुर्चीवर बसून पाच मिनिटं बघ, आणि बदलून मिळेल का हे नवऱ्याला दुकानातच विचारून यायला सांग. महागातलाच चांगला असं काही नाही. त्यापेक्षा साधे दोन घे. एक अंगावर, एक दोरीवर. घामाने ओला झालेला बेल्ट तसाच वाळवून पुन्हा लावला, की तुझं आत्ताचं पुरळ पुन्हा हजर. धुताना वेल्क्रो मिटवून धुवा, नाहीतर त्यात धागे अडकून चार दिवसांत तो धरेनासा होतो.

बांधायचं कसं ते नऊवारीलाही लागू आहे आणि बेल्टालाही.

उभ्याने बांधायचं नाही. बेल्ट आधी खाटेवर पसरायचा, त्यावर पाठीवर झोपायचं, गुडघे वाकवायचे. आडवं झालं की पोट आपोआप आत जातं, आणि तेवढंच धरायचं. अंगाला लागून आधी मलमलीचं किंवा जुन्या सुती साडीचं एक पातळ कापड. बेल्टाची खालची कडा टाक्यांच्या बरीच खाली, नितंबाच्या हाडांवरून जाणारी. कडा टाक्यांवर कधीही येऊ द्यायची नाही. एक तर टाके पूर्ण झाकले जावेत, नाहीतर कडेला लागूच नयेत. खालून बांधायला सुरुवात करायची, खाली जरा धरून, वर सैल. आणि बांधून झालं की तपासायचं: वरच्या आणि खालच्या कडेतून दोन बोटं सहज गेली पाहिजेत, पोटभर श्वास घेता आला पाहिजे, सलग बोलता आलं पाहिजे. उठताना सरळ उठून बसायचं नाही. कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, हाताने रेटा देऊन उठायचं. उठल्यावर बेल्ट वर सरकला तर पुन्हा आडवं होऊन लावायचा, उभ्या-उभ्या ओढून घट्ट करायचा नाही.

नऊ वार म्हणजे आठ मीटरच्या वर कापड. ते सगळं गुंडाळलंत तर उन्हाळ्यात तू शिजून निघशील. पट्टा वीतभर रुंद आणि दोन-तीन वेढे बसतील इतकाच लांब कापा. गाठ पुढे किंवा मागे नको, बाजूला आणि चपटी, खोचलेली.

किती वेळ? चालायचं असेल, अंघोळीला जायचं असेल, रिक्षातून दवाखान्यात जायचं असेल, तेव्हा. दोन तास झाले की सोडायचा, तासभर मोकळं, वाटलं तर परत. दिवसभरात मिळून सहा-आठ तास झाले तरी पुष्कळ. जेवताना सैल. बसून पाजताना वर चढून छातीला लागत असेल तर तेव्हाही सोड. रात्री नाही. झोपेत पोटावर कसला ताण येतो, की त्याला आधार लागावा? उलट रात्रभर कातडीला हवा मिळू दे. उन्हाच्या दिवसांत मी तर म्हणेन, सकाळी दहाच्या आत आणि संध्याकाळी. दुपारी पडून राहा. तुझे पंधरा दिवस झालेच आहेत, त्यामुळे आता हळूहळू वेळ कमीच करत जायचा. बहुतेक बायकांना चार ते सहा आठवड्यांत त्याची गरज उरत नाही. त्यानंतरही बेल्ट नसला की अडचण होत असेल, तर बेल्टाचे दिवस वाढवायचे नाहीत, दाखवायला जायचं.

आता ज्या गोष्टीची मला बेल्टापेक्षा जास्त काळजी वाटते ती. आपल्या गावात पाणी रोज येत नाही. येतं तेव्हा घरातली प्रत्येक बाई बादल्या, हंडे, पिंप घेऊन धावते. माझ्याकडे एक मुलगी आली होती, सिझरचा तिसरा आठवडा. बेल्ट इतका छान घट्ट लावलेला, दुखत नव्हतं, म्हणून तिने पाण्याच्या दिवशी सात-आठ बादल्या उचलून पिंपात ओतल्या. भरलेली बादली पंधरा-वीस किलोची. बेल्टाने तिला दुखलं नाही, एवढंच. आतल्या शिवणीला काय झालं ते संध्याकाळी टाके ओले दिसल्यावर कळलं. ते पांढरं आवरण कातडीपेक्षा खूप सावकाश भरतं. दीड महिन्यानंतरही त्याला पूर्वीची ताकद आलेली नसते. म्हणून दीड महिना नियम सोपा: बाळापेक्षा जड काही उचलायचं नाही, बेल्ट असो वा नसो. बाळाला पाळण्यातून उचलतानाही पोटाशी धरून उचलायचं, हात लांब करून नाही. पाण्याच्या दिवशी पहाटे उठायचं काम तुझ्या नवऱ्याचं, हे त्याला आजच सांग.

पोटाचे उभे स्नायू मधून फाकलेले राहतात का, असं कुणी तुला घाबरवलं असेल. थोडे फाकतात, जवळजवळ सगळ्यांचेच, आणि पहिल्या दोन महिन्यांत बरेच आपोआप जवळ येतात. बेल्टाने ते शिवले जात नाहीत. दीड महिन्याच्या तपासणीत डॉक्टरांना बोटांनी अंतर मोजायला सांग. दोन बोटांपेक्षा जास्त असेल तर व्यायाम शिकून घे. तोवर सिट-अप (पाठीवर झोपून सरळ उठून बसणं), पोटाचे जोर, दोन्ही पाय एकदम वर उचलणं, यातलं काही नको, मग मोबाईलवरची बाई कितीही हसत करून दाखवो.

पांढरे मोजे. ते पोटाच्या बेल्टाचे भाऊबंद असले तरी काम अगदी वेगळं. बाळंतपणानंतर साधारण सहा आठवडे रक्त गोठण्याकडे जास्त कललेलं असतं, सिझरनंतर आणखी. पायातलं रक्त साचून गुठळी होऊ नये म्हणून ते मोजे घालतात. घरी घालायचे की नाही हे प्रत्येकीच्या धोक्यावर ठरतं: वजन, आधी कधी गुठळी झाली होती का, घरात कुणाला झाली होती का, तू किती चालतेस. म्हणून हे एक दवाखान्यात फोन करूनच विचार, कपाटातले मोजे स्वतःच्या मनाने काढून घालू नकोस. घालायला सांगितले तर घोट्याच्या आणि पोटरीच्या मापाचेच हवेत, आणि वरची कडा गुंडाळून खाली घ्यायची नाही. गुंडाळलेली कडा दोरीसारखी आवळते. मोजे असोत-नसोत, एकाच पायाची पोटरी सुजली, दुखते, गरम लागते, तर त्याच दिवशी दवाखाना. एकदम धाप लागली किंवा छातीत दुखलं तर १०८ ला फोन, घरात चर्चा नाही. अंगावरून जाणारं इतकं वाढलं की तासाभरात पॅड भिजतोय, तरीही तेच.

छातीला काही घट्ट बांधत असाल, जुन्या बायका कधीकधी बांधतात, तर ते तेवढं थांबवा. दूध साचून गाठी होतात.

सासूबाईंचं राहिलं. हे पत्र त्यांना वाचून दाखवायचं तर शेगडीपासून नको, नऊवारीपासून दाखव. माझं सिझर झालं तेव्हा, त्याला आता तीस वर्षं होतील, मलाही दवाखान्यात कुणी काही सांगितलं नाही. घरी आल्यावर सासूबाईंनी हात लावला तोच एक आधार होता. त्या आवळायच्या, मी त्या गेल्या की सैल करायची, आणि दोघींनाही ते माहीत होतं. त्या चोरीपेक्षा उघड बोललेलं बरं, हे मला फार उशिरा कळलं. तुझ्या सासूबाई रोज सकाळी उठून तुझं करतात, या उन्हात. त्यांना बांधू दे. फक्त आडवं झोपवून बांधा म्हण, खालून बांधा म्हण, आणि बांधून झालं की त्यांचीच दोन बोटं कडेत घालून बघायला सांग. बोटं जात नसतील तर त्या स्वतःच सैल करतील.

आणि पट्टे कापून उरलेलं लुगडं टाकू नका. एवढं मऊ झालेलं कापड विकत मिळत नाही. त्याची दुपटी शिवा, या दिवसांत बाळाच्या अंगालाही तेच सोसेल.